कॉपर सल्फेटचं मोलर मास १५९.६० की २४९.६८? आधी बाटलीवरचं लेबल वाच

प्रश्न थोडक्यात असा होता. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाने ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल) कॉपर सल्फेटचं २५० मिली सोल्युशन बनवायला घेतलं, मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, काढलं ते १५९.६० आलं, त्यावरून ३.९९ ग्रॅम वजन केलं, आणि सर म्हणाले चुकलं, ६.२४ घ्यायला हवं होतं. "तीन वेळा बेरीज केली, तेच येतंय, मग चूक कुठे आहे?"

बेरीज तुझी बरोबरच आहे रे. कॉपर ६३.५४६, सल्फर ३२.०६, ऑक्सिजन चार म्हणजे चार गुणिले १५.९९९ बरोबर ६३.९९६, सगळं मिळून १५९.६०. फक्त हे मोलर मास ज्या पदार्थाचं आहे तो पदार्थ तू वजन केलाच नाहीस. एकच सांग, बाटलीतून चमच्याने जे काढलंस त्याचा रंग काय होता? निळा होता ना, छान गडद निळे खडे? मग तो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू त्या खड्यात पक्के बसलेले असतात, त्यालाच स्फटिकजल म्हणतात, आणि नुसतं १५९.६० वालं, बिनपाण्याचं कॉपर सल्फेट पांढरट असतं. शाळेत परीक्षानळीत मोरचूद तापवून पांढरा होताना बघितला असशील, वर थेंबभर पाणी टाकलं की परत निळा. तोच खेळ इथे तुझ्या वजनकाट्यावर आला.

आता पाणी धरून बेरीज कर. पाण्याचं मोलर मास १८.०१५, पाच वेळा म्हणजे ९०.०७५, त्यात १५९.६०२ मिळवले की २४९.६७७, म्हणजेच २४९.६८. तुला हवेत ०.१ गुणिले ०.२५ म्हणजे ०.०२५ मोल. ०.०२५ गुणिले २४९.६८ म्हणजे ६.२४ ग्रॅम. सरांचा आकडा इथून आला.

बरेच जण इथे विचारतात की मॅडम, शेवटी आपण ते पाण्यातच तर टाकणार आहोत, मग त्या पाच पाण्यांचा हिशोब कशाला करायचा. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर स्वयंपाकघरात आहे. पाव किलो कोरडी मटकी घे आणि पाव किलो भिजवलेली मटकी घे, काटा दोन्हीला पाव किलोच दाखवणार, पण भिजवलेल्या मटकीत दाणे कमी भरतात कारण वजनातला मोठा वाटा पाण्याने खाल्लेला असतो. उसळ करताना भांड्यात पाणी तर घालणारच आहोत म्हणून भिजवलेलीच पाव किलो घेतली तर उसळ चार माणसांना पुरायची नाही. मोल म्हणजे दाण्यांची मोजणी, ग्रॅम म्हणजे काट्यावरचं वजन, आणि मोलर मास हा त्या दोघांमधला भाव. मोरचुदाच्या वजनात ३६ टक्के पाणी असतं, म्हणून तुझ्या ३.९९ ग्रॅममध्ये कॉपर सल्फेटचे मोल ०.०२५ नाहीत, ०.०१६ च आहेत, आणि सोल्युशन ०.१ च्या ऐवजी ०.०६३९ मोलर झालंय.

आता मुळापासून सांगते, कारण नुसता हा एक आकडा दुरुस्त करून पुढच्या प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये परत तीच चूक होते, मी बघितलंय. मी सुरुवातीला तीन वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायचे आणि नंतर गेली बावीस वर्षं औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासायच्या, लॅबमध्ये आहे, आणि या एवढ्या काळात बेरीज चुकल्यामुळे सोल्युशन बिघडलेलं मला क्वचित दिसलं. बिघडतं ते फॉर्म्युला चुकीचा धरल्यामुळे.

आणि फॉर्म्युला चुकला की काय होतं ते रसायनशास्त्राच्या इतिहासातच आहे. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने पाण्याचा फॉर्म्युला एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असा धरला होता, त्यामुळे १८०८ साली हायड्रोजन १ धरून त्याचा ऑक्सिजन ७ येत होता. तेव्हाची वजनं जरा ढोबळ होती, पण पाण्यात हायड्रोजन दोन असतात हे कळल्याशिवाय तो आकडा १६ च्या जवळ जाणंच शक्य नव्हतं. पुढे पन्नासेक वर्षं वेगवेगळे लोक वेगवेगळी अणुवस्तुमानं वापरत होते, एकाचं गणित दुसऱ्याला लागायचं नाही, शेवटी १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने मांडलेली पद्धत लोकांना पटली आणि गाडी रुळावर आली. तेव्हा आधी फॉर्म्युला पक्का करायचा, मगच कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा.

फॉर्म्युला वाचताना मुलं तीन ठिकाणी अडकतात. पहिलं ठिकाण कंस. कॅल्शियम फॉस्फेट घे, कॅल्शियम तीन, मग कंसात फॉस्फेट, कंसाबाहेर दोन. तो बाहेरचा दोन कंसातल्या सगळ्यांना लागतो, फॉस्फरसलाही आणि चारही ऑक्सिजनला. आधी कंसाचं वेगळं काढ, ३०.९७४ अधिक ६३.९९६ म्हणजे ९४.९७०, त्याची दुप्पट १८९.९४०, मग तीन कॅल्शियमचे १२०.२३४ मिळव, आले ३१०.१७. मुलं काय करतात, दोन फक्त ऑक्सिजनला लावतात आणि फॉस्फरस एकच धरतात. कागदावर कंस वेगळ्या ओळीत सोडवायची सवय लाव.

दुसरं ठिकाण म्हणजे मधलं टिंब. गणिताच्या तासाला टिंब म्हणजे गुणाकार शिकवलेला असतो, म्हणून कॉपर सल्फेट, टिंब, पाच पाणी हे बघितल्यावर काही मुलं सरळ १५९.६ ला ९० ने गुणतात आणि मोलर मास चौदा हजारांच्या वर काढून मोकळी होतात. दरवर्षी प्रत्येक बॅचमध्ये एखादं तरी असायचंच, आणि त्यात त्या मुलाचा दोष नाही, कुणी सांगितलेलंच नसतं. ते टिंब म्हणजे "सोबत". कॉपर सल्फेट आणि त्याच्या सोबत पाच पाणी, म्हणून बेरीज. गुणाकार फक्त पाच आणि पाण्याचा.

तिसरं ठिकाण, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन असे वायू. ऑक्सिजनचं मोलर मास १६ की ३२ असं विचारलं तर मी उलट विचारते, अणूचं की सिलिंडरमधल्या वायूचं? वायू दोन अणूंची जोडी करून असतो, म्हणून ३२. एवढंच, यात जास्त काही नाही.

अणुवस्तुमान किती दशांशापर्यंत घ्यायचं हा प्रश्नही नेहमी येतो. परीक्षेत पेपरमध्ये आकडे दिलेले असतील तर तेच वापर, तिथे हुशारी नको. लॅबमध्ये मी दोन किंवा तीन दशांश घेते आणि मधल्या पायरीला राउंड करत नाही, शेवटीच करते. साखरेत हायड्रोजन बावीस आहेत, १.००८ च्या जागी १ धरला तर त्या एका ठिकाणी ०.१८ चा फरक पडतो, एकूण ३४२.३० मध्ये हे काहीच नाही. क्लोरीनचं मात्र तसं करू नको. त्याचं ३५.४५ हे सरासरी वस्तुमान आहे, निसर्गात क्लोरीन ३५ साधारण ७६ टक्के आणि क्लोरीन ३७ साधारण २४ टक्के असतात म्हणून ते असं अधेमध्ये येतं, त्याला ३५ किंवा ३६ करून टाकलं तर मिठाचं मोलर मासच हलतं. दोन बाटल्यांच्या लेबलवर शेवटच्या दशांशात फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही, सल्फर कुणी ३२.०६ धरतं कुणी ३२.०६५. त्याने कुणाचं सोल्युशन बिघडलेलं नाही. १५९ आणि २४९ च्या फरकाने मात्र रोज बिघडतं.

त्यामुळे माझी पद्धत उलटी आहे. मी मोलर मास आधी काढत नाही, आधी बाटली हातात घेते. लेबलवर नावाखाली फॉर्म्युला असतो आणि एम. डब्ल्यू. (मोलिक्युलर वेट) किंवा एफ. डब्ल्यू. (फॉर्म्युला वेट) म्हणून आकडा छापलेला असतो, तेच मोलर मास. तो बघायचा, मग स्वतः बेरीज करून तो जुळतो का ते बघायचं, जुळला तर आपण आणि बाटली एकाच पदार्थाबद्दल बोलतोय. नाव नुसतं "कॉपर सल्फेट" असेल, पुढचं अक्षर पुसलं गेलं असेल, तर सीएएस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक बघ, बिनपाण्याचा ७७५८-९८-७ आणि पेंटाहायड्रेटचा ७७५८-९९-८. दिसायला नंबर जवळजवळ सारखे आहेत म्हणून नीट वाचायचे. कॉलेजात बऱ्याचदा मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत काढून ठेवतात आणि वर स्केचपेनने फक्त नाव लिहितात, तिथे लाजू नकोस, लॅब असिस्टंट काकांना मूळ डबा दाखवा म्हण, ते दाखवतात.

कुठे कुठे सांभाळायचं ते सांगते. ऑक्झॅलिक ॲसिड नुसतं ९०.०३ पण लॅबमध्ये असतं ते दोन पाण्यांचं, १२६.०७. धुण्याच्या सोड्याचे खडे दहा पाण्यांचे, २८६.१४, आणि बिनपाण्याची सोडियम कार्बोनेटची पावडर १०५.९९, म्हणजे जवळपास पावणेतीन पट फरक. मॅग्नेशियम सल्फेट १२०.३६ आणि सात पाण्यांचं २४६.४७. बेरियम क्लोराइड २०८.२३ आणि २४४.२६. तुरटीत बारा पाणी, ४७४.३७, त्यातलं पाणीच २१६. उलट मीठ, पोटॅशियम परमँगनेट, पोटॅशियम डायक्रोमेट यांना पाणीच नसतं, ती बिनधास्त वजन करावीत.

आता एक गोष्ट सांगते ती नीट वाच, कारण ती तुझ्याच प्रयोगातली आहे. कॉपर सल्फेटचं सोल्युशन बरोबर झालं का हे आपण आयोडोमेट्रीने बघतो, म्हणजे त्यात पोटॅशियम आयोडाइड घालायचं, आयोडीन सुटतं, त्याला सोडियम थायोसल्फेटने (थोडक्यात थायो) टायट्रेट करायचं, म्हणजे ते ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजायचं, शेवटी स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत. एका कॉपरला एक थायो लागतं. म्हणजे दोन्ही ०.१ मोलर असतील तर २५ मिली कॉपरला २५ मिली थायो. कॉलेजात माझी एक बॅच होती, पंधरासोळा मुलं, सगळ्यांचं रीडिंग २५.१, २५.०, २५.१. मला इतका आनंद झाला, मी म्हटलं काय सुंदर बॅच आहे. एक मुलगी मात्र गप्प बसली होती. तिने थायो डायक्रोमेटशी पडताळून बघितलं होतं आणि २५ मिली डायक्रोमेटला तिला २५ च्या जागी ३९ मिली थायो लागलं होतं, तिला वाटत होतं आपलंच चुकलं, म्हणून ती सांगायला घाबरत होती.

चूक तिची नव्हती. मुलांनी कॉपर सल्फेट तुझ्यासारखंच १५९.६० धरून वजन केलं होतं, आणि थायो बनवणाऱ्यानेही पाणी सोडून १५८.१० धरलं होतं, बाटलीत होतं ते पाच पाण्यांचं, २४८.१७ वालं. लिटरला २४.८२ ग्रॅम हवं तिथे १५.८१ घेतलं, म्हणजे थायो झालं ०.०६३७ मोलर. आणि कॉपर होतं ०.०६३९. दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात पातळ, त्यामुळे भागाकार केला की २५.१ मिली! ब्युरेट चोख चाललं होतं, हात सगळ्यांचे छान होते, आणि सोल्युशन्स दोन्ही एकतृतीयांशाहून जास्त पातळ. डायक्रोमेटला स्फटिकजल नाही, हवेतलं पाणी तो घेत नाही, वाळवून वजन केला की २९४.१८ म्हणजे २९४.१८च, म्हणून त्याने हे उघडं पाडलं. प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्या वजनावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो असा पदार्थ, का वापरायचं याचं पुस्तकी उत्तर मी शंभर वेळा लिहून दिलं असेन, पण मला ते खरं समजलं त्या दिवशी. त्या मुलीला मी सगळ्यांसमोर फळ्यापाशी बोलावून तिचं रीडिंग लिहायला लावलं.

इंडस्ट्रीत आल्यावर वाटलं होतं की इथे असं होत नसेल, इथे सगळं एसओपीने, म्हणजे लिहून ठरवलेल्या पद्धतीने चालतं. एका कंपनीत असताना एचपीएलसीला, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा २० मिलिमोलर बफर (पीएच स्थिर ठेवणारं सोल्युशन) लागायचा, वर्षानुवर्षं लिटरला २.४० ग्रॅम घेत होतो, कारण स्टोअरमधून बिनपाण्याचं यायचं, ११९.९८ वालं. एकदा नवीन बाटली आली ती डायहायड्रेट, १५६.०१. बाटली त्याच आकाराची, पावडर तशीच पांढरी, लेबलवर नाव तेच आणि पुढे बारीक अक्षरात डायहायड्रेट. इथे रंगही मदतीला येत नाही. केमिस्टने सवयीने २.४० घेतलं, बफर झाला १५.४ मिलिमोलर, आणि पीक, म्हणजे आलेखावरचा औषधाचा उंचवटा, जागेवरून सरकला. तीन दिवस आम्ही यंत्रातला कॉलम बदल, मोबाइल फेज (त्यातून वाहणारं बफरचं द्रावण) परत बनव, पीएच मीटर कॅलिब्रेट कर, सगळं केलं. परत बनवलेली प्रत्येक मोबाइल फेज त्याच बाटलीतून बनत होती, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा तशीच येत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉगबुकमध्ये लॉट नंबर बघताना लक्षात आलं की प्रॉब्लेम नवीन बाटली फोडल्याच्या तारखेपासूनच आहे. ३.१२ ग्रॅम घेतलं, पीक जागेवर. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक वर्कशीटवर वजनाच्या शेजारी "बाटलीवरचं एम. डब्ल्यू." असा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय मी सही करत नाही.

घरातही हेच आहे बघ. कॅल्शियमच्या गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ आणि खाली एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिग्रॅ लिहिलेलं असतं, कारण १००.०९ मध्ये कॅल्शियम ४०.०८, म्हणजे ४० टक्के. बीपीची ॲम्लोडिपिनची ५ मिग्रॅची गोळी असते, त्यात प्रत्यक्षात ॲम्लोडिपिन बेसिलेट, म्हणजे त्याचा क्षार, ६.९३ मिग्रॅ घालतात, कारण बेसिलेटचं मोलर मास ५६७.०५ आणि नुसत्या ॲम्लोडिपिनचं ४०८.८८. हा भागाकार कुणी उलटा केला तर पेशंटच्या पोटात ५ च्या जागी २.६ जाईल. म्हणून पहिल्या वर्षाला तू हे इतकं विचारतोयस याचं मला फार बरं वाटलं, खरंच सांगते, कारण पुढे हेच गणित माणसांच्या गोळीत जातं.

अजून एक, मोलर मास बरोबर असूनही वजन फसवतं असे पदार्थ आहेत. सोडियम हायड्रॉक्साइड ४०.०० हे बरोबर, पण त्याच्या पेलेट्स हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, आपल्याकडे जुलैमध्ये झाकण उघडं ठेवून वजन करत बसलं तर वॉच ग्लासवरच ओल्या होतात, काट्याचा आकडा डोळ्यासमोर वाढत जातो. त्याचं साधारण वजन घ्यायचं, झटपट, आणि मग ऑक्झॅलिक ॲसिडशी स्टँडर्डाइझ करायचं, म्हणजे टायट्रेट करून खरी मोलॅरिटी काढायची. धुण्याच्या सोड्याचं उलट, कोरड्या हवेत खडे पाणी सोडतात आणि वर पांढरी पूड धरते, तेव्हा ते २८६ वालेही राहत नाहीत आणि १०६ वालेही झालेले नसतात, मध्येच कुठेतरी असतात, तशा बाटलीला कुठलंच मोलर मास लावता येत नाही, ती बाजूला ठेव. तुझ्या मोरचुदाच्या खड्यांवरही पांढरट थर दिसला तर तोच अर्थ.

लिक्विड ॲसिडचं वेगळं असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड ३६.४६, पण बाटलीत ते सगळं ॲसिड नसतं, ३५ टक्के असेल आणि घनता १.१८ असेल तर लिटरमध्ये १.१८ गुणिले १००० गुणिले ०.३५ म्हणजे ४१३ ग्रॅम, भागिले ३६.४६, आलं ११.३ मोलर. इथेही टक्केवारी आणि घनता लेबलवरूनच घ्यायची, पुस्तकातली नाही.

आता तुझ्या त्या ३.९९ ग्रॅमवाल्या सोल्युशनचं काय करायचं. त्यात वरून २.२५ ग्रॅम टाकून हिशोब जुळवायला जाऊ नको, फ्लास्क आधीच खुणेपर्यंत भरलाय, आता टाकलंस तर व्हॉल्यूम खुणेच्या वर जाईल. ओतूनही देऊ नको. बाटलीवर स्वच्छ लिही, कॉपर सल्फेट, ०.०६३९ मोलर, तारीख. सरांना दाखवायला ६.२४ घेऊन नवीन बनव, आणि हे जुनं उद्या २५ मिली पिपेट करून ०.१ मोलर थायोशी टायट्रेट कर. १६.० मिलीच्या आसपास रंग जायला हवा. तेवढंच आलं तर तुझं वजन आणि हात दोन्ही चोख आहेत. आणि चुकून २५ आलं, तर थायोची बाटली कुणी बनवली आणि त्यावर कुठलं एम. डब्ल्यू. धरलं होतं ते आधी विचारून ये.